काबचा मठ आणि काबचा राजवाडा

जुनी वास्तु पडावयास झाली म्हणजे तिचें रक्षण दोन प्रकारांनीं होतें. मूळचें प्रयोजन कायम ठेवून तिची दुरुस्ती करणें हा एक प्रकार. यास आपल्या शास्त्रकारांनीं जीर्णोद्धार हें नांव दिलें आहे. प्रयोजन पालटून तिला नवा रहिवासी देणें हा दुसरा. देवालयांच्या वाट्यास बहुधा पहिला प्रकार येतो. वाडे, गढ्या व मठ यांच्या वाट्यास दुसरा. अमेरिका खंडांत स्पॅनिश अमलाखालीं बांधलेल्या कित्येक मठांची आज हीच स्थिति आहे. कोलंबियांतील कार्ताहेना शहरीं सांता क्लारा नांवाचा जोगिणींचा सतराव्या शतकांतील मठ आहे. तो मध्यंतरीं इस्पितळ झाला होता, आणि इ. स. १९९५ पासून तेथें श्रीमंत प्रवाशांसाठीं आलिशान हॉटेल चालतें.

अशा रूपांतरानें वास्तूचें कल्याण होतें कीं हानि होते, या प्रश्नाचा विचार करण्यास इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्या शेजारीं गोमंतकांत काब येथें फ्रान्सिस्कन यतींचा मठ होता. तोच पुढें पोर्तुगीज गव्हर्नर-जनरलचा राजवाडा झाला, आणि आज गोवा राज्याच्या राज्यपालांचें निवासस्थान आहे. या एका वास्तूची हकीकत क्रमानें देऊन तीवरून हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं घेण्याजोगा एक बोध सांगावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मांडवी व जुवारी या दोन नद्या जेथें समुद्रास मिळतात तेथें त्यांच्या मध्यें तिसवाडी महालाचें पश्चिम टोंक समुद्रांत शिरलेलें आहे. पोर्तुगीज भाषेंत भूशिरास ‘काबु’ म्हणतात, त्यावरून या जागेस काब हें नांव पडलें. टोंकावर उभें राहिलें असतां उत्तरेस मांडवीच्या मुखापलीकडे आग्वादचा किल्ला दिसतो, व दक्षिणेस जुवारीच्या मुखापलीकडे मुरगांव दिसतें. ही जागा ज्याच्या हातीं, त्यास दोन्ही नद्यांत शिरणाऱ्या गलबतांवर नजर ठेवतां येते. म्हणूनच वास्को द गामाचा पुत्र इस्तेव्हांव द गामा हा गव्हर्नर असतां इ. स. १५४० त येथें किल्ल्याच्या कामास आरंभ झाला. त्याबरोबरच ‘नोसा सेन्योरा दु काबु’, म्हणजे भूशिराची माता, हिचें लहानसें प्रार्थनामंदिर उभें राहिलें. समुद्रावरून येणाऱ्या खलाशांस गोव्याची पहिली खूण म्हणून तेंच दिसत असे. येथें वाचकांस एका गोष्टीचें स्मरण देणें अवश्य आहे. याच १५४० सालीं तिसवाडींतील देवळें पाडण्यांत आलीं, आणि पुढल्या वर्षीं त्यांच्या जमिनींचें उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळविण्यांत आलें. काबच्या पहिल्या दगडाचा विचार करतांना त्याच बेटावरील हें दुसरें वृत्त दृष्टीआड करतां येत नाहीं.

प्रार्थनामंदिराला लागून मठ झाला तो इ. स. १५९४ त. तो फ्रान्सिस्कन पंथांतील कडक आचाराच्या शाखेचा होता. या शाखेचे यति जाडें वस्त्र वापरीत, अनवाणी हिंडत व भिक्षेवर राहत. स्वतःच्या नांवें कांहीं धारण करावयाचें नाहीं हें त्यांचें व्रत. व्यक्तीनेंच नव्हे, तर मठानेंहि संपत्तीचा स्वामी होऊं नये, असा त्यांच्या मूळ पुरुषाचा कटाक्ष होता. आपल्याकडील अपरिग्रहव्रताशीं याचें साम्य उघड आहे. ज्यांनीं अपरिग्रहासाठीं हें ओसाड टोंक पत्करलें, त्यांच्याच खोल्यांच्या जागीं पुढें गोमंतकांतील सर्वांत वैभवशाली निवास झाला.

सतराव्या शतकाची एक खूण येथें अद्यापि टिकून आहे. काबच्या पायथ्याशीं असलेल्या दोना पावल या स्थळाचें नांव सर्वश्रुत आहे. या दोना पावलविषयीं प्रवाशांस सांगितली जाणारी दंतकथा अशी कीं, एका कोळ्यावर जडलेल्या प्रेमास विरोध झाल्यामुळें तिनें कड्यावरून समुद्रांत उडी घेतली. परंतु काबच्या प्रार्थनामंदिरांत तिच्या थडग्याची शिला आहे. आंतोनियो द सौतो मायोर याची ही पत्नी इ. स. १६८२ त मरण पावली, आणि तिला यतींच्या मंदिरांत मानानें मूठमाती मिळाली. आत्मघात केलेल्या स्त्रीस त्या काळीं ख्रिस्ती मंदिराच्या भूमींत जागा मिळणें शक्य नव्हतें, हें जाणत्यास सांगावयास नको. एका शिलेनें शेंकडों मुखांतील कथा खोटी ठरविली. तरी कथा चालूच आहे. कारण कथा रस्त्यावर ऐकूं येते आणि शिला फाटकाच्या आंत आहे.

यानंतर काबच्या शांततेचा भंग झाला तो इंग्रजांमुळें. टिपूचें फ्रेंचांशीं सूत जमल्याच्या व फ्रेंच आरमार हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर येईल या भयानें इ. स. १७९९ त गव्हर्नर-जनरल वेलस्ली यानें गोव्याच्या रक्षणाच्या मिषानें सर विल्यम क्लार्क याच्याबरोबर फौज पाठविली. काब, आग्वाद व मुरगांव या नाक्याच्या जागीं इंग्रज पलटणी राहिल्या, आणि मठाच्या आसमंतांत सैनिकांच्या बराकी झाल्या. युरोपांतील युद्धाचें पारडें फिरल्यावर, इ. स. १८१३ च्या सुमारास, ही फौज निघून गेली. तिच्यामागें राहिलें तें भिंतीनें वेढलेलें एक कबरस्तान. तें आजहि काबकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे, आणि त्यांतील शिलालेखांवरून त्या पलटणींतील कित्येकांचीं नांवें वाचतां येतात.

खरी क्रांति झाली ती इ. स. १८३४–३५ त. पोर्तुगालमध्यें यादवी युद्ध होऊन उदारमतवादी पक्ष विजयी झाला. त्या पक्षाच्या सरकारनें पुरुषांचे सर्व धर्मसंघ १८३४ च्या मे महिन्यांत बरखास्त करून त्यांची मालमत्ता राष्ट्राच्या खात्यांत जमा केली. पुढल्या वर्षीं हुकुमाचा अंमल गोव्यांत झाला. अडीच शतकें वसलेले मठ एकदम रिकामे झाले. त्यांपैकीं तीन मठांची पुढील गति ताडून पाहिली असतां काबचें वैशिष्ट्य ध्यानांत येईल.

पहिला, जुन्या गोव्यांतील ऑगस्टिनियनांचा. भव्यतेंत याची बरोबरी करणारी इमारत पूर्वेकडे क्वचितच असेल. येथें कोणीहि रहिवासी आला नाहीं. १८४२ त मंदिराचा घुमटाकार छत कोसळला; १९३१ त दर्शनी भाग व अर्धा मनोरा पडला. सुमारें दीडशें फूट उंचीचा उरलेला मनोरा तेवढा आज उभा आहे. दुसरा, पिलारचा. हाहि काबप्रमाणेंच फ्रान्सिस्कनांचा, इ. स. १६१३ मधील. कांहीं काळ ओस राहून तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुनः धर्मप्रचारकांच्या हातीं आला व मठ म्हणूनच नांदूं लागला. याची गणना जीर्णोद्धारांत करावी. तिसरा काबचा. तो प्रथम आर्चबिशपांकडे त्यांचें निवासस्थान म्हणून गेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गव्हर्नर-जनरल हवापालटासाठीं तेथें राहूं लागले.

गव्हर्नरांस हवापालटाची एवढी आवश्यकता कां पडावी, याचें उत्तर गोव्याच्या आरोग्याच्या इतिहासांत आहे. मराठी कागदपत्रांत ज्यास विजरई म्हटलें आहे तो व्हाइसरॉय प्रथम जुन्या गोव्यांतील किल्ल्याच्या वाड्यांत राहत असे. तापाच्या सांथींनीं शहर उजाड होऊं लागलें तेव्हां १६९५ त तो पणेली येथें राहावयास गेला. तेथेंहि तोच त्रास झाल्यावर १७५९ त पणजी येथील आदिलशाही वाड्यांत आला. याच मालिकेंतील शेवटचा मुक्काम काब. इ. स. १९१८ पासून आदिलशाही वाडा कचेऱ्यांकडे राहिला, आणि काबचा जुना मठ गव्हर्नर-जनरलचें कायम अधिकृत निवासस्थान झाला. १९ डिसेंबर १९६१ रोजीं पोर्तुगीज अंमल संपेपर्यंत तो त्यांच्याकडे होता. नंतर तेथें लेफ्टनंट गव्हर्नर राहूं लागले, व ३० मे १९८७ रोजीं गोवा राज्य झाल्यापासून राज्यपाल राहतात.

आतां रूपांतराच्या गुणदोषांकडे वळूं. मठाची रचना ही व्रताची रचना असते. निजावयास एकट्यापुरती खोली, जेवावयास एक पंगतीची जागा, मध्यें चौक व त्याभोंवतीं फिरतां फिरतां जप करावयाची ओंवरी, आणि या सर्वांचें तोंड मंदिराकडे. राजवाड्याची रचना याच्या उलट असते. तेथें पाहुण्यास बसवावयाचें, मेजवानी द्यावयाची, वैभव दाखवावयाचें. आणि काबसारख्या ठिकाणीं घराचें तोंड स्वाभाविकपणें समुद्राकडे वळतें. मठाचें असें घर करावयाचें म्हणजे खोल्याखोल्यांमधील भिंती काढाव्या लागतात, खिडक्या रुंद कराव्या लागतात, सज्जे पुढें आणावे लागतात. काबचेंहि असेंच झालें. झुंबरें व चिनी मातीचीं भांडीं यांनीं सजलेल्या दालनांतून हिंडणाऱ्यास येथें अनवाणी यति राहत होते याची कल्पनाहि येणार नाहीं. प्रार्थनामंदिर मात्र अद्यापि उपासनेंत आहे व १५ ऑगस्टला तेथें सण होतो. म्हणजे एकाच आवारांत मंदिराचा जीर्णोद्धार झाला, आणि मठाचें रूपांतर झालें.

या रूपांतरास दोष देणें सोपें आहे. परंतु तें न्यायाचें होणार नाहीं. कोंकणपट्टींतील एका पावसाळ्यांत चार महिने कौलें न परतल्यास काय होतें, हें तेथील प्रत्येक गृहस्थास ठाऊक आहे. काबचे दगड उभे राहिले ते तेथें कोणी तरी दिवा लावणारा होता म्हणून. ऑगस्टिनियनांचें मंदिर पडलें तें तेथें कोणी नव्हता म्हणून. या बाबतींत राजवाड्याचे आपण ऋणी आहों.

तथापि या हिशेबाची दुसरी बाजू आहे, आणि ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. पडलेल्या मठानें इतिहासास जें दिलें तें राहत्या मठानें दिलेलें नाहीं. जॉर्जियाची राणी केतेवान इराणांत इ. स. १६२४ त धर्मासाठीं मारली गेली, आणि तिच्या अस्थि ऑगस्टिनियन यतींनीं गोव्यास आणल्या. त्या कोणत्या दालनांत, कोणत्या खिडकीपाशीं ठेविल्या, याची नोंद त्या संघाच्या पोर्तुगीज कागदांत होती. तिच्या आधारें पुरातत्त्वखात्यानें अवशेषांत शोध केला, इ. स. २००४ त अस्थि सांपडल्या, २०१३ त आनुवंशिक परीक्षेनें त्यांची खात्री पटली, आणि २०२१ त भारत सरकारनें त्यांतील अंश जॉर्जियास अर्पण केला. छत नाहीं, भिंती नाहींत. परंतु कागद होता, म्हणून माती बोलली. यावरून आमचा सिद्धांत असा कीं, वास्तूचा इतिहास वास्तूंत राहतो हा भ्रम आहे. तो वास्तु व कागद या दोहोंच्या मिळणीनें सिद्ध होतो. आणि यांपैकीं एकच टिकणार असेल तर कागद टिकावा.

योगायोग असा कीं, काबचा मठ झाला त्याच्या पुढल्याच वर्षीं, म्हणजे १५९५ त, गोव्यांत सरकारी दप्तरखाना स्थापन होऊन त्यावर दिओगु द कौतु या इतिहासकाराची नेमणूक झाली. मठ व दप्तर हीं जवळजवळ जुळीं भावंडें. दप्तराच्या वाट्यासहि स्थलांतर आलेंच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांतील जुने बासष्ट खंड लिस्बनला नेण्यांत आले. १८३५ त मठ रिकामे झाल्यावर त्यांतील ग्रंथांपैकीं कांहीं पणजी येथें १८३२ त निघालेल्या सार्वजनिक ग्रंथालयांत आले. १८५५ त सरकारचा मुख्य चिटणीस म्हणून आलेला कुन्य रिव्हारा पूर्वीं एव्होरा येथील ग्रंथालयाचा अधिकारी होता. कागद वाचविल्यावांचून इतिहास नाहीं हें जाणून त्यानें पौरस्त्य दप्तराचे खंड १८५७ ते १८७६ या काळांत छापून काढले. विसाव्या शतकांत हेंच व्रत पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांनीं चालविलें. गोव्याच्या दप्तरांतील मराठ्यांविषयींचे कागद त्यांनीं उजेडांत आणले नसते, तर आपल्या इतिहासाचीं कित्येक पानें कोरींच राहिलीं असतीं.

मठांच्या कागदांशीं मराठी माणसाचा संबंध काय, असें कोणी विचारील. त्यास एकच उदाहरण पुरे. केळशीच्या कृष्णदास शामानें इ. स. १५२६ त कृष्णचरित्रकथा रचिली. गोमंतकांत तिची पोथी टिकली नाहीं. परंतु पाद्र्यांनीं येथील लोकांची भाषा व पुराणें समजून घेण्यासाठीं अशा ग्रंथांच्या रोमन लिपींत नकला करविल्या होत्या, आणि त्या आज पोर्तुगालमधील ब्रागा शहरीं ग्रंथालयांत आहेत. ज्यांनीं मूळ पोथ्यांचा नाश केला, त्यांच्याच नकलांमुळें कवि वांचला. पणजीच्या त्या ग्रंथालयास आज कृष्णदास शामाचें नांव आहे. त्याची कृति मात्र सात समुद्रांपलीकडे आहे. याच्या उलट, फादर स्टीफन्सचें ख्रिस्तपुराण १६१६, १६४९ व १६५४ असें तीन वेळां छापलें गेलें, परंतु त्या छापील आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ आपणांपर्यंत आला तो हस्तलिखितांतून. तेव्हां कोणता कागद कोणास तारील हें आधीं सांगतां येत नाहीं.

वसई पडल्यावर तेथील घंटा मराठे सरदारांनीं आणून आपल्या देवळांत टांगल्या. भीमाशंकर व मेणवली येथील घंटा आमच्या वाचकांनीं पाहिल्या असतील. त्या जेथें टांगल्या तेथें टांगल्या, तरी त्यांवरील आकृति व आंकडे त्यांचें मूळ सांगतात. पोथीला अशी सोय नाहीं. तिचें मूळ तिच्या रुमालांत, बासनांत, शेजारच्या पोथींत असतें. तीं सोडविलीं कीं ती निराधार होते.

हें आम्ही स्वानुभवानें लिहीत आहों, आणि त्यांत दोष आमचाच आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं दक्षिण कोंकणांतील एका घराण्यानें आम्हांस पोथ्यांचीं सात बासनें दिलीं. संस्कृत शिकविणाऱ्याच्या संवयीप्रमाणें आम्हीं त्या विषयवार लाविल्या. धर्मशास्त्र एकीकडे, ज्योतिष एकीकडे, वैद्यक एकीकडे. कुजके रुमाल टाकून दिले. मधून मधून निघालेल्या मोडी चिठ्या व हिशेबाचे तुकडे एका पेटींत भरले. व्यवस्था मोठी सुरेख दिसली. पुढें एका तरुण अभ्यासकास त्यांतील ज्योतिषाच्या पोथींत तिसवाडींतील एका गांवाचें नांव आढळलें. गोमंतकांतून देव घेऊन पळालेल्या एखाद्या कुटुंबाची ही पोथी असावी, असा त्याचा तर्क. ती कोणत्या बासनांतली, तिच्याबरोबर कोणती चिठी होती, एवढेंच त्यानें विचारलें. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. पोथी आम्हीं वाचविली होती. परंतु ती कोणाची, कोठून आली, हें सांगणारा साक्षीदार आमच्याच हातून नाहींसा झाला होता. काबच्या मठाच्या भिंती काढणाऱ्यास आम्हीं नांवें ठेवावीं, असा अधिकार आम्हांस त्या दिवसापासून उरला नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती थोडकी आहे. पोथी घरीं आणतांच, ती उघडण्यापूर्वीं, ती कोणत्या गांवीं, कोणत्या घराण्याकडून, कोणत्या दिवशीं व कशा स्थितींत मिळाली हें लिहून ठेवावें. बासन फोडूं नये. फोडणें अवश्यच झाल्यास आधीं त्यांतील क्रम नोंदवावा. रुमाल जीर्ण झाला तरी टाकूं नये. समासांतील हिशेब, उसनवारीच्या नोंदी, मागील मालकांचीं नांवें यांस मळ समजून पुसूं नये. संग्रह विकावयाचा झाल्यास सबंध विकावा, व नोंदींची नक्कल बरोबर द्यावी. याला द्रव्य लागत नाहीं. एक वही व थोडा धीर लागतो.

काबच्या राजवाड्यास पुढेंहि रंग लागेल, कौलें परततील, रहिवासी बदलतील; त्याची काळजी घेणारे समर्थ आहेत. आमच्या पेटींतील त्या मोडी चिठ्या मात्र अजून तशाच आहेत. त्या एकेक करून मूळ पोथ्यांशीं जुळविण्याचें काम आम्हीं हातीं घेतलें आहे. आजवर अकरा जुळल्या. कागदाचा रंग, घडीची खूण व किडीचें भोंक एकावर एक बसलें म्हणजे ती चिठी त्याच पोथींतली असें ठरवितां येतें. ज्योतिषाच्या पोथीची चिठी अद्यापि सांपडली नाहीं. शोध चालू आहे.